फुईचे सहा एकर

मे २०२२ मधील आखाजीला मी माहेरी गेले, तेव्हा हक्कसोडपत्राचा मसुदा दस्तलेखकाकडून टंकलिखित होऊन आला होता आणि देवघराच्या फळीवर पंचांगाखाली ठेवलेला होता. आबा जाऊन पाच महिने झाले होते. त्यांच्या पश्चात माय, धाकटा भाऊ, धाकटी बहीण आणि मी अशा चौघांची वारस नोंद मार्चमध्ये मंजूर झाली होती. तलाठी कार्यालयात अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचे शपथपत्र, मग नमुना नऊची नोटीस, पंधरा दिवसांची मुदत आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची सही, हे सारे भावानेच धावपळ करून पार पाडले होते. सातबाऱ्यावर आम्हां बहिणींची नावे लागली ती पुढे कमी करण्यासाठीच लागली आहेत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. कोणी ते मोठ्याने बोलत नव्हते, इतकेच.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशात सासुरवाशिणींचा सण आहे. मुऱ्हाळी न्यायला येतो, लिंबाच्या झाडाला झोका बांधला जातो, गौराई बसते, आमरस आणि सांजोऱ्यांची जेवणे होतात. लेकी एकाच वेळी घरी असतात म्हणून सह्यांसाठीही हाच मुहूर्त धरला जातो. माझ्या सासरी २००३ मध्ये हेच घडले होते. माझ्या नणंदेने आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन माझ्या पतीच्या नावे हक्क सोडला आणि परत आल्यावर मीच तिला नवी साडी नेसवून ओटी भरली. त्या दस्तात जे वाक्य होते, तेच आता माझ्यासमोर होते: ‘आमचे लग्नकार्यात वडिलांनी भरपूर खर्च केलेला असून, भाऊ-बहिणीतील प्रेम अबाधित राहावे याकरिता, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने व विनामोबदला आम्ही आमचा हक्क कायमचा सोडून देत आहोत.’ एकोणीस वर्षांपूर्वी ते वाक्य दुसरीच्या नावावर वाचताना मला त्यात काही गैर दिसले नव्हते. माझ्या नावावर वाचताना हात थांबला. मी सही केली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पगार आहे, घर आहे. त्यामुळे ‘हिला काय कमी आहे’ हा प्रश्न घरात आणि गल्लीत एकाच दिवशी सुरू झाला. भावाने भांडण केले नाही. तो फक्त म्हणाला, “ताई, तुझं लग्न ब्याण्णवमध्ये झालं. लग्न झालेल्या मुलीला कुठला हक्क?” त्याचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते, हे मला नंतर कळले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला होता; मात्र त्या तारखेपूर्वी ज्यांची लग्ने झाली, त्यांना त्यातून वगळले होते. धाकटीचे लग्न १९९६ मधले. म्हणजे एकाच आईबापाच्या, एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणींपैकी एक अकरा वर्षे सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, होती आणि दुसरी नव्हती, आणि आम्हां दोघींनाही त्या काळात त्याचा पत्ता नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की, मुलीचा हक्क जन्माने येतो आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. आबा तर डिसेंबर २०२१ मध्ये गेले. माझ्या हक्काविषयी शंका उरली नव्हती.

हिशेबही सोपा वाटला. अठरा एकर जमीन, चार वारस. प्रत्येकी साडेचार एकर. बोरी नदीच्या काठची काळी जमीन, एक विहीर, कापूस आणि दादर ज्वारी. ज्या वकिलांकडे मी गेले, त्यांनी मात्र साडेचारचा आकडा लिहून घेतला नाही. ते म्हणाले की, आधी जमीन तुमच्या वडिलांकडे कशी आली ते मला दाखवा. सातबाऱ्यावर जेवढे फेरफार क्रमांक आहेत, तेवढ्या सगळ्या नकला आणा. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळांत लिहिलेले आकडे असतात, ते फेरफाराचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक. आजवर मी ते आकडे पाहिले होते, वाचले नव्हते.

त्या नकला मिळवण्यात पावसाळा गेला. सर्व्हे नंबर जाऊन एकत्रीकरणात गट नंबर आले होते, त्यामुळे जुना नंबर कोणत्या गटात गेला हे आधी शोधावे लागले. अभिलेख कक्षात कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे होते. पानांच्या कडा बोट लावताच तुटत होत्या. तेथील लिपिकाने मला टेबलाशी बसू दिले आणि पाने स्वतः उलटली. ज्या तीन नोंदींनी माझा सारा हिशेब बदलला, त्या मी तिथेच वहीत उतरवून घेतल्या.

पहिली नोंद १९६२ ची. आजोबा वारले. वारस म्हणून आबांचे नाव, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात, बारीक अक्षरांत, माझी आजी आणि माझी आत्या, जिला आम्ही अहिराणीत फुई म्हणतो. फुईच्या नावापुढे ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, लिहून तिच्या नवऱ्याचे नाव होते. तिचे लग्न आदल्याच वर्षी झाले होते. जमिनीचा मालक ज्या रकान्यात लिहितात त्यात मुलगा आणि विहीर, झाड, कर्ज, वहिवाट ज्या रकान्यात लिहितात त्यात बायको आणि मुलगी, अशी ती मांडणी होती. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा तेव्हा सहा वर्षांचा झाला होता आणि त्यात विधवा, मुलगा आणि मुलगी हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस होते.

दुसरी नोंद १९७४ ची. ‘सदर बाईने समक्ष जबाब दिला की, मला भावाचे जमिनीत हिस्सा नको. सबब इतर हक्कातील नाव कमी केले.’ त्याखाली डाव्या हाताचा अंगठा. शाई जरा जास्त लागल्यामुळे रेषा मिटून एक काळा ठिपका झाला होता.

तिसरी १९८८ ची, आजी गेल्यावरची. ‘मयत. वारस मुलगा खातेदार आहेच. नाव कमी.’ एका ओळीत संपलेली.

वकिलांनी या तीन नोंदी समोर ठेवून कोऱ्या कागदावर जे गणित मांडले, ते मी जसेच्या तसे सांगते, कारण आमच्यासारख्या असंख्य घरांत ते कोणी मांडलेलेच नाही. आजोबा वारले त्या क्षणी वाटणी झाली असती असे कायदा धरून चालतो. त्या काल्पनिक वाटणीत आजोबा, आजी आणि आबा अशा तिघांना सहा-सहा एकर. मुलगे आणि बाप यांच्यात वाटणी होते तेव्हा बायकोलाही मुलाएवढा वाटा असतो. हिराबाई मगदूम या विधवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच गृहीत धरून तिचा हिस्सा ठरवला होता. आता आजोबांचे सहा एकर तीन वारसांत: आजीला दोन, आबांना दोन, फुईला दोन. म्हणजे १९६२ मध्येच आजी आठ एकरांची धनी होती, आबा आठांचे आणि फुई दोन एकरांची. १९७४ चा जबाब तलाठ्याच्या दप्तरापुरता होता. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. फेरफाराने हक्क जात नाही आणि येतही नाही. शिवाय आईच्या हयातीत तिच्या वारशाचा हक्क आगाऊ सोडता येत नाही. त्यामुळे १९८८ मध्ये आजी मृत्युपत्र न करता गेली, तेव्हा तिच्या आठ एकरांतले चार आबांचे आणि चार फुईचे झाले. दोन आणि चार, सहा एकर.

वकिलांनी कागद माझ्याकडे सरकवला. आबांचे बारा एकर, चार वारस, माझे तीन. ते म्हणाले की, इतक्या वर्षांनी फुईने स्वतःहून दावा केला, तर मुदतीचे आणि कब्जाचे मुद्दे समोरून येतील, निकाल काय लागेल हे सांगता येत नाही. तुम्ही मात्र साडेचार मागायचे की तीन, ते आज ठरवा.

मी त्या दिवशी काही ठरवले नाही. एसटीत बसल्यावर मला १९८८ हे साल पुन्हा पुन्हा आठवू लागले. त्या साली मी डी.एड.ला गेले. वसतिगृहाचा खर्च, फी, पुस्तके कापसाच्या पैशांतून आली. वेचणीनंतर गाडी भरून गेली की आबा मनीऑर्डर करत. त्या अठरा एकरांतले सहा एकर फुईचे होते, म्हणजे तीन मनीऑर्डरींपैकी एक तिची होती. आणि त्याच साली फुईचा थोरला मुलगा पारोळ्याकडच्या एका गावात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, होता. सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. ज्या सणाला मी झोक्यावर बसत असे, त्या सणाला तो नव्या मालकाशी सालाचे बोलत असे. १९७२ च्या दुष्काळात फुईच्या नवऱ्याची कोरडवाहू जमीन गहाण पडली होती, फुई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि मुलाने सातवीत शाळा सोडली होती. हे सारे मला लहानपणापासून ठाऊक होते. ‘फुईचं नशीब’ या दोन शब्दांत ते आमच्या घरी सांगितले जात असे. आता माझ्याकडे त्या नशिबाचा गट क्रमांक होता.

आबा दुष्ट नव्हते, हे मला येथे स्पष्ट लिहायचे आहे. १९७४ मध्ये त्यांना विहिरीसाठी कर्ज काढायचे होते आणि कर्ज देणाऱ्यांना सातबाऱ्यावर दुसऱ्या कोणाचे नाव नको होते. त्यांनी बहिणीला आखाजीला आणले, अंगठा घेतला, लुगडे घेतले. आयुष्यभर तिच्या घरच्या प्रत्येक कार्याला ते उभे राहिले. पुढे ते शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावत. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला ते मायला घेऊन गेले होते. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यायला सुरुवात केली, आमच्याच जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावाने त्यात पुढाकार घेतला, तेव्हा ते कौतुकाने सांगत असत. मायचे नाव त्यांनी लावले नाही ते नाहीच, आणि बहिणीचे नाव कमी केल्याची आठवण त्यांना त्या काळात झाली असेल, असे मला वाटत नाही. इतका चांगला माणूस इतकी मोठी गोष्ट सहज विसरू शकला, याचा मला राग येण्यापेक्षा धसका अधिक बसला.

दिवाळीच्या सुट्टीत मी नकला घेऊन फुईकडे गेले. ती ओसरीवर सूप घेऊन उडीद पाखडत होती. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी अधू, पण खडा बोटाला बरोबर सापडतो. मी १९७४ ची नकल तिच्या हातात दिली. तिने अंगठ्याच्या ठिपक्यावरून बोट फिरवले.

“हाऊ मनाच अंगठा शे,” ती म्हणाली. “त्या दिन आखाजी व्हती. भाऊ माले लेवाले उना व्हता.”

मी सगळे समजावून सांगितले. दोन एकर, चार एकर, सहा एकर. तिने सूप खाली ठेवले नाही. तिचे उत्तर तयार होते आणि तेच उत्तर मी अपेक्षिले होते: “माले माहेर पाह्यजे, वावर नही पाह्यजे.” तिच्या नातीने, जी बारावीला होती, माझ्या हातातला वकिलांचा कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागली. ‘आजी: आठ एकर’ येथे ती आली, तेव्हा फुईने हात थांबवला.

“मनी मायना आठ एकर व्हतात?”

मी हो म्हणाले. फुई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला विचारले की, तुला तुझ्या आजीचा कनवटीचा रुपया आठवतो का. मला आठवत होता. वेचणी संपली की आजी रिकाम्या झालेल्या वावरात जाऊन झाडांवर उरलीसुरली बोंडे वेचत असे, तो पदरभर कापूस दुकानदाराला देऊन चहा-साखर आणि नातवंडांना गोळ्या आणत असे, आणि त्यातून उरलेला रुपया कनवटीला लावत असे. मुलाकडे पैसे मागायची तिला लाज वाटत असे. आठ एकरांची मालकीण स्वतःच्याच शेतात सरवा वेचत होती, हे फुईला त्या ओसरीवर, चौतीस वर्षांनंतर कळले. तिने स्वतःच्या दोन एकरांसाठी कधी काही मागितले नसते. आईच्या आठ एकरांसाठी ती उठून आत गेली आणि आपले आधार कार्ड घेऊन आली.

त्यानंतरचे वर्ष कठीण गेले. भावाने माझ्याशी बोलणे सोडले ते साडेचार एकरांसाठी. सहा एकरांचे कळल्यावर त्याने दार बंद केले. त्याची बाजू मला पुरती दिसते. एकोणिसाव्या वर्षापासून तो नांगरामागे आहे. गुलाबी बोंडअळीने कापूस गेला, ती नुकसानी त्याने सोसली. आबांच्या आजारपणात दवाखान्याच्या पायऱ्या त्याने झिजवल्या. सोसायटीचे कर्ज त्याच्या नावावर. माय त्याच्या घरी राहते. तुकडे पडतील, असे तो म्हणत होता. आमचे वाटे एकरांचे असल्यामुळे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येत नव्हता, परंतु बारमाही पाण्याची एकच विहीर आणि तिच्यावर तीन-चार मालक, ही अडचण खरीच होती. माय मधल्या मध्ये गप्प झाली. एकदाच ती मला म्हणाली की, तुझ्या मामाला मीही अंगठा दिला होता, तेव्हा मला कोणी काही विचारले नाही. ती तक्रार करत होती की मला थांब म्हणत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी भावाला एक पत्र लिहिले. फोनवर जे बोलता आले नसते, ते लिहिता आले. मी लिहिले की, मी साडेचार मागणार नाही, तीन मागते, कारण उरलेला दीड एकर फुईचा आहे. तुझ्या वाट्यातलाही दीड एकर फुईचा आहे. आपण चौघांनी मिळून तिचे सहा एकर तिला द्यायचे आहेत आणि माझे तीन तूच निमबटाईने, अर्ध्या वाट्याने, कर. आबांचा दवाखाना आणि सोसायटीचे कर्ज चौघांत वाटायचे. विहीर सामाईक आणि पाण्याच्या पाळ्या लिहून घ्यायच्या. पत्रासोबत तिन्ही नोंदींच्या नकला लावल्या. पत्राचे उत्तर आले नाही. दीड महिन्याने वकिलांचा फोन आला की, तुमचे बंधू येऊन गेले, नकला खऱ्या आहेत का एवढेच त्यांनी विचारले.

कागदोपत्री मार्ग असा निघाला. फुईचे नाव अभिलेखात उरलेच नव्हते, त्यामुळे तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सरळ वाटप मागता येत नव्हते. म्हणून फुईने दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करायचा आणि आम्ही सर्वांनी लोकअदालतीत तडजोड नोंदवायची, असे ठरले. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि न्यायालयीन शुल्क परत मिळते. ‘दावा’ या शब्दाने मात्र गावात वणवा पेटला. म्हाताऱ्या आत्याने मेलेल्या भावाच्या लेकरांवर केस केली, असे पाराजवळ बोलले गेले. ज्यांनी हे बोलले त्यांच्याही बहिणी होत्या. त्यांनाही आपापल्या घरचे फेरफार क्रमांक ठाऊक नसावेत असे मला वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. फुई पांढऱ्या पातळात आली होती. भाऊ तिच्यासमोर बाकावर बसला होता आणि तिच्याकडे पाहत नव्हता. सही करायच्या वेळी तो उठून तिच्या पाया पडला, पण बोलला काही नाही. धाकटीने तेथेच सांगितले की, माझे तीन एकर मी भावाला सोडते. त्यासाठी तिने नंतर वेगळे हक्कसोडपत्र नोंदवले. मला वाईट वाटले, हे खरे आहे. पण २०२२ च्या आखाजीला ती काय सोडत होती हे तिला ठाऊक नव्हते आणि २०२३ मध्ये तिला एकराचा आकडा, बाजारभाव आणि गट क्रमांक ठाऊक होता. तिच्या नव्या दस्तातून तिने ‘लग्नकार्यात भरपूर खर्च केलेला असून’ हे शब्द खोडायला लावले. दस्तलेखक म्हणाला, बाई, हे तर सगळ्यांच्याच दस्तात असते. ती म्हणाली, माझ्या दस्तात नको.

मोजणी रब्बी निघाल्यावर, मार्च २०२४ मध्ये झाली. भूकरमापकाने हद्दीच्या खुणा दाखवल्या, भावाच्या मुलाने दगड रोवले. फुईचा तुकडा गटाच्या पूर्वेकडचा, २ हेक्टर ४३ आर. नवा सातबारा हाती आला तेव्हा तिने नातीकडून भोगवटादाराची ओळ वाचून घेतली. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय आहे, असेही तिने विचारले. त्यात विहिरीच्या सामाईक वहिवाटीची नोंद होती, दुसरे काही नव्हते. महिन्याभरात तिच्या दोन्ही मुलांनी ती जमीन आपल्या नावे करून घेण्याचा विषय काढला. ज्या मुलाने सालदारकी केली, त्याला उतारवयात स्वतःचे वावर हवे, यात मला काही वावगे दिसत नाही. फुईने त्याला सहा एकर कसायला दिले, नाव मात्र आपल्याकडे ठेवले, आणि तिची लेक, जी धुळ्याला असते, तिला बोलावून घेऊन सांगितले की, मी मेल्यावर तलाठ्याकडे तूही जा.

भाऊ माझे तीन एकर निमबटाईने करतो. हिशेब वहीत लिहून पाठवतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळे स्वच्छ. या आखाजीला मुऱ्हाळी म्हणून तो स्वतः आला नाही, मुलाला पाठवले. मी गेले. जेवताना त्याने मला आमरस वाढला आणि कापसाच्या भावाबद्दल बोलला. पूर्वीसारखे अजून काही झालेले नाही.

नणंदेचा विषय मी घरी काढला तो या सगळ्यानंतर. २००३ चा तिचा दस्त नोंदणीकृत आहे. कायद्याने त्यात आता काही करता येत नाही. मी पतींना तो कपाटातून काढून वाचायला दिला आणि त्याशेजारी माझा २०२२ चा, सही न केलेला मसुदा ठेवला. दोन्हींतले ते वाक्य एकच होते. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बक्षीसपत्राची चौकशी केली. बहिणीने भावाला हक्क सोडायला नाममात्र रकमेचा मुद्रांक पुरत होता; भावाने बहिणीला तीच जमीन परत द्यायची, तर शुल्क बाजारमूल्याच्या टक्केवारीने पडते. ते आकडे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहेत आणि दोन एकरांच्या बक्षीसपत्राचा मसुदा करून घेतला आहे.

गेल्या रविवारी आम्ही तो घेऊन नणंदेकडे गेलो. तिने चहा ठेवला, कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि आता एवढ्या वर्षांनी कशाला, असे विचारले. मी तिला आजीच्या आठ एकरांचे सांगितले. ती लगेच हो म्हणाली नाही. मुलीला विचारून सांगते, म्हणाली. तिची मुलगी या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येणार आहे. तोवर मसुदा तिच्याकडे, तिच्या कपाटात आहे.